पिवळं दिसलं की सोनकी म्हणू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गणपती झाले की आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात सगळ्यांच्या स्टेटसला पिवळ्या फुलांचे फोटो सुरू होतात, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, आणि सगळ्यांखाली एकच ओळ, सोनकी बहरली. फोटो छानच असतात पण त्यातल्या बऱ्याच फोटोंत सोनकी नसतेच, कुठं कारळ्याचं शेत असतंय तर कुठं कॉसमॉस. मग काय बिघडलं, फूल ते फूल, असं लोक म्हणतात म्हणून हे पत्र लिहितोय.

बिघडतं असं की पिवळा कॉसमॉस हा मेक्सिकोकडनं बागेसाठी आलेला, बी पडलं की आपोआप पसरतो, पुण्याच्या टेकड्यांवर तो केवढा माजलाय बघा. आणि आता आमच्याकडं पण काहीजण हौसेनं रस्त्याकडेला त्याचं बी टाकूलालेत, तेही सोनकी लावतोय असं समजून! खरी सोनकी सह्याद्रीतलीच, पावसाळा संपता संपता स्वतःहून उगवून फुलते, ती कुणी पेरायची गरज नाही, फक्त तिची जागा दुसऱ्यानं बळकावू नये.

ओळखायला आधी पान बघा. सोनकीची पानं दांड्यावर एकाआड एक, कडेला दाते. कारळा आणि कॉसमॉसची खालची पानं समोरासमोर जोडीनं येतात, त्यात कॉसमॉसचं पान चिरलेलं आणि कारळ्याचं अखंड, खरखरीत, दांड्याला चिकटून. मग फूल उलटं करून बघा, हे कुणीच करत नाही आणि खरी खूण तिथंच असते. सोनकीच्या फुलाखाली हिरव्या अरुंद पट्ट्यांची एकच सरळ रांग, कारळ्याला बाहेरून रुंद पानांसारखे मोठे हिरवे भाग.

आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर गुच्छ आहे. कडेची प्रत्येक पाकळी म्हणजे एक वेगळं फूल, आणि मधल्या पिवळ्या चकतीत बारीक नळीसारखी कितीतरी फुलं दाटीनं बसलेली, साधं भिंग घेऊन बघितलं तरी दिसतात, पोरांना एकदा दाखवाच. बी धरलं की तर शंकाच राहत नाही, सोनकीच्या बीला मऊ पांढऱ्या केसांचा झुपका असतो आणि ते वाऱ्यावर उडतं, कारळ्याचं बी काळं, चकचकीत, बिनकेसांचं (चटणीत आपण तेच खातो), कॉसमॉसचं लांबुळकं आणि टोकाला कपड्यात अडकणारे काटे.

सोनकीच्या बहिणींत मात्र फरक करणं अवघड आहे. शास्त्रीय नावानं सांगायचं तर नेहमीची ती सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, दुसरी सेनेसिओ एजवर्थी, तिच्यावर जाळ्यासारखी पांढरी लव असते, आणि एक तर चक्क आपल्या बेळगावच्या नावानं आहे, सेनेसिओ बेलगाउमेन्सिस! किती बेळगावकरांना हे माहीत असेल? बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा वनस्पतींचे अभ्यासक थिओडोर कुक साहेबांनी इलाख्याच्या वनस्पतींचं मोठं पुस्तक केलं, १९०१ ते १९०८ मध्ये, ते इंग्रजीत. आमच्या पोरांनी मराठीतनं कुठं वाचायचं?

पांढऱ्यातही तोच घोळ. माक्याला बारीक भरपूर पांढऱ्या पाकळ्या, पान चोळलं की रस काळा पडतो. एकदांडीच्या लांब दांड्यावर एकच फूल, मोजक्या पाकळ्या आणि टोकाला तीन दाते, आणि ती जखमेवर लावतात म्हणून सगळ्यांना आपली वाटते पण ती अमेरिकेकडची.

तर विनंती एवढीच, वाचकांचे फुलांचे फोटो छापताना पानाचा आणि फुलाच्या मागच्या बाजूचा पण फोटो मागवा, आणि बेळगाव खानापूरच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या सर-मॅडमकडनं नाव तपासून घ्या, जमलं तर कन्नड नाव पण सोबत द्या, गावात दोन्ही चालतात. सोनकी दसऱ्याच्या आसपासपर्यंत असते, तेव्हा यंदाच सुरू केलं तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, खानापूर