किनाऱ्यावरच्या अनोळखी माणसांनो, आभार!

काल पाचला कोरडे असलेले खडक आज पाण्यात होते. जाळं दुरुस्त करत बसलेले काका हसले, ‘‘ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, टेका जरा.’’ टेकलो, म्हणून तर सगळं दिसलं. पोरांनी वाळूवरच्या बारीक गोळ्यांची नक्षी दाखवली: खेकडा वाळूतलं खाणं चाटूनपुसून घेतो आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या मागे टाकतो. मावशींनी शहाळं सोललं, त्याच सालीच्या चिपटीने मलई खरवडून दिली; पैसे घेईनात. अंधार पडल्यावर काकांनी पाण्यात हात फिरवायला लावला. बोटांभोवती निळा उजेड! नावं विचारायची राहिली, तेवढी चूक माफ करा.