गोव्यातल्या दादांचे आणि मावशींचे मनापासून आभार

मे महिन्यात आम्ही सांगलीहून सहकुटुंब गोव्याला गेलो. चोर्ला घाटात रेडिएटरचा पाइप फुटला, बुक केलेली खोली दुसऱ्यांनाच दिलेली निघाली आणि म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळाबाहेर आईला उन्हाने चक्कर आली.

बेळगावची भाजी घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्या दादांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी पाइपाला आवळून बांधली, आपल्याजवळचं पाणी ओतलं आणि केरीपर्यंत आमच्या पुढे हळूहळू गाडी चालवली. माल उशिरा पोचणार हे माहीत असून!

आणि त्या फुलवाल्या मावशी. आईला घरी नेऊन कपाळावर ओला पंचा ठेवला, कोमट पेज मिस्कुटाच्या, म्हणजे गोव्याच्या कैरीच्या लोणच्याच्या, फोडीसोबत स्वतः चमच्याने भरवली. पैसे घेतले नाहीत. गडबडीत तुमची नावंही विचारायची राहिली. आई आता बरी आहे, मावशी.