आधी चालवून बघा, मग ऑर्डर द्या

संपादक महोदय,

शस्त्रखरेदीचा विषय निघाला की सगळे दलाली आणि घोटाळ्यावरच येऊन थांबतात. दलाली वाईटच, पण पैसा आणि वर्षं जास्त कुठे वाया जातात तर मागणीच्या कागदात, आणि त्यावर कोणी बोलत नाही. सुरुवातीला लष्कराची मागणी साधी असते, मग प्रत्येक विभाग त्यात आपलं एकेक कलम घालतो, बनवायला वेळ लागतो, तोवर तंत्रज्ञान पुढे गेलेलं असतं म्हणून यादी परत बदलते आणि डिझाईन करणारे परत पहिल्यापासून सुरू.

अमेरिकेच्या झुमवॉल्ट विनाशिका बघा. ३२ बांधायच्या होत्या, खर्च वाढत गेला आणि बांधल्या ३. त्यांच्या तोफांसाठी खास लांब पल्ल्याचे गोळे तयार केलेले, आता जहाजंच तीन म्हटल्यावर गोळे कमी लागणार, गोळे कमी म्हणजे एकेकाची किंमत वर, ती ८ लाख डॉलरच्या घरात गेली आणि २०१६ मध्ये नौदलाने ती खरेदीच सोडून दिली. म्हणजे तोफा जहाजावर बसवलेल्या आणि त्यात घालायला गोळा नाही! हे व्हायला कोणी लाच खायची सुद्धा गरज नव्हती.

आपल्या तेजसला १९८३ ला मंजुरी मिळाली, पहिलं उड्डाण २००१ ला आणि पहिली स्क्वाड्रन २०१६ ला. इंजिनियर लोकांना मी अजिबात दोष देणार नाही, विमान, इंजिन, रडार सगळं एकदमच नवीन करायला घेतलं तर एक अडकलं की बाकीचं पण रखडतं. तेजससाठी बनवायला घेतलेलं आपलं कावेरी इंजिन शेवटी तेजसच्या प्रोजेक्टमधून वेगळं काढावं लागलं.

चांगलं उदाहरण पण आहे. १९७४ मध्ये वायएफ-१६ आणि वायएफ-१७ ही दोन कंपन्यांची नमुना विमानं अमेरिकेने खरोखर उडवून बघितली, मग १९७५ च्या जानेवारीत पहिलं निवडलं, तेच एफ-१६. हरलेलं पण वाया गेलं नाही, त्यावरून नौदलाचं एफ-१८ निघालं. १९८६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खरेदीवर नेमलेल्या पॅकार्ड आयोगाने हेच सांगितलं होतं की आधी नमुना करा, तपासा, मग उत्पादन. तरी पुढे एफ-३५ चं उत्पादन चाचण्या संपायच्या कितीतरी आधी सुरू केलं आणि मग तयार झालेली विमानं परत दुरुस्त करत बसले.

माझं म्हणणं एवढंच की मागणीची यादी एकदा ठरली की बंद करा, नवीन काही सुचलं तर ते पुढच्या आवृत्तीत घ्या. चाचणी घेणारा माणूस प्रोजेक्टच्या साहेबाच्या हाताखालचा नको, नाहीतर नापास कोण करणार? आणि प्रोजेक्टच्या प्रमुखाची दोन-तीन वर्षात बदली करू नका, ज्याने यादीवर सही केली तो पहिल्या चाचणीच्या दिवशी तिथे हजर पाहिजे.

आपला,
एक नियमित वाचक