गड्ड्याच्या यात्रेआधी डबे काढा, नवे डबे दाखवून घ्या

सभासदहो, संक्रांत जवळ आली. सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वर मंदिर, तलाव आणि होम मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नसते, बंदोबस्तही कडक असतो. त्या भागातले आपले जिओकॅश (जीपीएसच्या मदतीने शोधायच्या खेळासाठी लपवलेले डबे) येत्या शनिवारपर्यंत काढा आणि नोंदीत तात्पुरते बंद दाखवा.

नवे डबे ठेवताना:

- डबा पारदर्शक हवा. फ्रीजमधला प्लास्टिकचा डबा उत्तम. आतली वही, पेन्सिल बाहेरूनच दिसते.
- काळी टेप गुंडाळलेला डबा, टोकं बंद केलेला पीव्हीसी पाइप, लष्करी पेटी, लोंबती वायर अजिबात नको, बॉम्बचा संशय येतो. परवा मी एक स्टीलचा डबा उचलला. झाडाला बांधायची तार झाकणाखालून बाहेर आलेली. माहीत असूनही माझा हात थबकला, मग वाटेवरच्या माणसाचं काय होईल?
- बाहेरून ठळक लिहा: 'जिओकॅश, खेळाचा डबा, धोका नाही'. मराठीबरोबर कन्नड, तेलुगूतही लिहिलंत तर फार बरं.
- जागामालकाची परवानगी घ्या. भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे, तिथे डबा नकोच.

रविवारी सकाळी ७ वाजता हुतात्मा बागेच्या दाराशी आपापले डबे घेऊन या. एकमेकांचे तपासू. पोलिसांनी विचारलं तर लपवाछपवी न करता डबा उघडून दाखवा.