शनिवारी कापडाचे कोहळे करायचेत, आठवण

सगळ्या जणींनो, शनिवारी दुपारी ३ वाजता नेहमीच्याच ठिकाणी बसतोय, म्हणजे दसरा-कोजागिरीच्या आधी प्रत्येकीच्या शोकेसवर दोन-तीन तरी कोहळे बसतील. येताना १८ इंच लांब अन् ९ इंच रुंद कापड कापूनच आणा, लांबी रुंदीच्या दुप्पट हवी, नाहीतर कोहळं गोल न होता उभं दुधीसारखं होते. जुनी कॉटनची साडी सगळ्यात छान, नसेल तर गांधीबागेतून कटपीस घ्या, पण सिंथेटिक नको, चुण्या नीट बसत नाहीत.

चुण्यांसाठी काठाला धावदोरा दुहेरी धाग्यानंच घाला बरं का, मागच्या वेळी माझा एकेरी दोरा ओढताना तुटला अन् सगळा कापूस बाहेर आला. तळाशी मूठभर तांदूळ पुरचुंडीत बांधून टाकायचे, मग कोहळं लुढकत नाही. फाका पाडायला जाड दोरा अन् लांब सुई पाहिजे, मधोमध खालून वर सुई काढून दोरा बाहेरून खाली आणायचा अन् घट्ट ओढायचा, असं ६ किंवा ८ वेळा. देठाला दालचिनीचा तुकडा लावू, वास इतका मस्त येतो नं!

दालचिनी अन् कापूस मी आणते. कोण-कोण येणार ते आजच कळवा.