‘निकाली’ म्हणजे काम झाले असे नव्हे

महोदय,

सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांच्या कामाचे मूल्यमापन काटेकोर करावे, ते आकड्यांशी जोडावे आणि त्यावरच बढती व वेतनवाढ ठरवावी, अशी मागणी वरचेवर होते. मागणी रास्त आहे. पण आकडा नेमका कशाचा धरायचा, हा प्रश्न तिच्यात बहुधा सुटून जातो. कार्यालयीन अधीक्षक म्हणून अनेक वर्षे मासिक गोषवारा तयार केल्याने त्याविषयी लिहावेसे वाटले.

आमच्या गोषवाऱ्यात मुख्य रकाने तीन : प्राप्त, निकाली आणि प्रलंबित. अर्जात त्रुटी काढून तो परत पाठवला, की प्रकरण ‘निकाली’त जमा होई; अर्जदार पूर्तता करून आला की तोच अर्ज नव्या आवक क्रमांकाने ‘प्राप्त’मध्ये चढे, आणि आणखी एखादी त्रुटी काढून पुन्हा परत गेला, तर निकालीत पुन्हा एकाची भर पडे. ज्या माणसाचे काम तीन खेपांतही झाले नाही, त्याच्याच जिवावर तीन प्रकरणे निकाली निघत. आणि अर्जदाराला समोर बसवून सगळी कागदपत्रे एकदाच पुरी करून घेणाऱ्या शेजारच्या लिपिकाच्या खात्यात एकच पडे. अशा एका लिपिकाला वार्षिक अहवालात ‘साधारण’ शेरा मिळत राहिला. त्या अहवालासाठी आकडे मीच पुरवत होतो, हेही कबूल केले पाहिजे.

हा दोष एका कार्यालयापुरता नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांना १४ दिवसांत भेटीची वेळ देण्याचे उद्दिष्ट होते आणि अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात त्याला वजन होते. फिनिक्स येथे प्रतीक्षेतील रुग्णांची नावे अधिकृत यादीबाहेरच ठेवली गेल्याचे २०१४ साली उघड झाले आणि खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. ब्रिटनमध्ये तातडीच्या विभागातून चार तासांत रुग्णाची सोय लावण्याच्या उद्दिष्टाने प्रतीक्षा खरोखरच कमी झाली, हे मान्य करायला हवे. मात्र चौथा तास संपता संपता रुग्ण हलवण्याची घाईही तिथल्या नोंदींत दिसून आली.

म्हणून आकडे टाकून द्यावेत, असे मी म्हणत नाही. आकडे नसले की उरते ती वरिष्ठांची मर्जी, आणि तिचा अनुभव आकड्यांहून वाईट आहे. पण सर्व त्रुटी पहिल्याच पत्रात कळवण्याचे बंधन असावे, परत आलेला अर्ज मूळ क्रमांकावरच चालावा आणि त्याचे दिवस पहिल्या तारखेपासून मोजावेत. निकाली म्हणून दाखवलेल्या प्रकरणांपैकी काही दरमहा निवडून, काम खरेच झाले का, हे थेट अर्जदारांना विचारावे. रिक्त पदांचा भार वाहणाऱ्या टेबलाची तुलना भरलेल्या टेबलाशी करू नये, हे तर वेगळे सांगायलाही नको.

यांतल्या बहुतेक गोष्टींना नवी संगणक प्रणाली लागत नाही. गोषवाऱ्यात ‘पुन्हा आलेली प्रकरणे’ असा चौथा रकाना आखला, तरी सुरुवात होईल.

आपला,
एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक