मागचा एक्सल न मोजता अलाइनमेंट झाली म्हणू नका

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: तीन वेळा व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करूनही ट्रकची थरथर कायम

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. आता फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून लेखी देतो आहे.

ट्रक वॉरंटीत आहे. ताशी 60 किलोमीटरला स्टिअरिंग थरथरायला लागतं, 70 ला हात बधिर होतात. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे धरावं लागतं, तेव्हा गाडी सरळ चालते. एवढं ऐकल्यावर आधी काय तपासायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या अधिकृत सेवा केंद्राने मात्र तिन्ही वेळा टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) फिरवून पुढचा टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत, तेवढा सेट केला आणि गाडी परत दिली. चाकांची हवा मोजली नाही. जॅकवर घेऊन किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) आणि बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघितला नाही. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) एकदा केलं, तेही मी मागे लागलो म्हणून.

तिसऱ्या वेळी मी छापील रिपोर्ट मागून घेतला. त्यात मागच्या एक्सलचे (मागची चाकं ज्यावर बसतात त्या आसाचे) रकाने कोरे आहेत. कामाआधीचे आकडेही नाहीत.

त्यावर आज फोनवर जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हटलं, मागचा एक्सल मोजलेलाच नाही. तुमचा माणूस म्हणाला, "सर, अलाइनमेंट पुढच्याच चाकांची असते." मी म्हटलं, मागचा एक्सल तिरका असेल तर तो गाडीला एका बाजूला ढकलतो, ते सावरायला मला स्टिअरिंग वळवून धरावं लागतं आणि पुढचे टायर घासत जातात. तो म्हणाला, "सिस्टिममध्ये तुमचं काम पूर्ण दाखवतंय." मी विचारलं, कोऱ्या रकान्यांचं काय? तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "सर, लोड गाडी थोडी थरथरतेच. ड्रायव्हर नवीन आहे का?"

ट्रक मी स्वतः चालवतो. 22 वर्षं चालवतो आहे. तो प्रश्न अजून कानात घुमतो आहे. 22 वर्षं मीच चालवतो हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग तुम्हाला सवय होईल." बिघडलेल्या गाडीची सवय करून घ्या, असं तुमची कंपनी ग्राहकाला सांगते का? सांगत असेल तर तसं लिहून द्या.

फोन ठेवल्यावर पुढची चाकं सरळ करून टेप लावला. पुढच्या चाकाच्या हबच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं. 14 मिलिमीटरचा फरक आला. मशीन नसताना एका माणसाला जे कळलं, ते तुमच्या केंद्राला तीन खेपांत कळलं नाही. एक्सल पाट्यांना (स्प्रिंगना) आवळून धरणारे यू बोल्ट ढिले आहेत की पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकला आहे, हे बघणं तुमचं काम आहे.

पुढच्या दोन्ही टायरच्या नक्षीवरून हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतो, उलटा फिरवला तर करवतीसारखा बोचतो. आता अलाइनमेंट अचूक झाली तरी हे खाल्लेले टायर थरथरत राहतील, आणि तेव्हा तुम्ही म्हणाल की दोष टायरचा आहे. म्हणून आत्ताच सांगतो: टायर तुमच्या चुकीने गेले आहेत, ते तुम्हीच बदलून द्यायचे.

आधी प्ले आणि बोल्ट तपासा. मग दोन्ही एक्सल मोजा, मागचा पुढच्याशी जुळवा आणि शेवटी टो लावा. कामाआधीचे व नंतरचे आकडे मला छापील हवेत, मागच्या एक्सलसकट. ते रकाने पुन्हा कोरे दिसले तर मी सहीच करणार नाही.

माझ्या वडिलांनीही तुमच्याच कंपनीचा ट्रक चालवला. त्या भरवशावर मी हा घेतला. तो भरवसा आज तुटला, आणि थरथरीपेक्षा मला त्याचा त्रास जास्त आहे.

आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर तिन्ही जॉबकार्ड आणि तो कोरा रिपोर्ट घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. माल उतरवून ट्रक आजपासून उभा केला आहे. या थरथरीत 70 च्या वेगाने तो रस्त्यावर न्यायची जबाबदारी मी घेणार नाही. उत्तरासाठी फोन करू नका.

आपला ग्राहक
(ट्रकमालक व चालक)